बटमोगऱ्याच्या पाटीवरचं नाव

बाबा,

तुम्हाला जाऊन एकोणतीस वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलत नाहीये, लिहिते आहे, आणि तेही तुम्हीच शिकवलेल्या मराठीत. बर्मिंगहॅमच्या त्या घरात दर रविवारी सकाळी हीटरसमोर पाटावर बसवून तुम्ही माझ्याकडून एक पान शुद्धलेखन लिहून घ्यायचात. इंग्लंडात आलो म्हणून मुलीला आपली भाषा लिहिता येऊ नये की काय, म्हणायचात. पहिली वेलांटी की दुसरी यावरून तुम्ही माझे कान पिळले आहेत. आता हे एक पान तुमच्यासाठी. चुका सापडल्या तर लाल पेनाने खुणा करा, पण आधी शेवटपर्यंत वाचा, मध्येच उठून बातम्या लावू नका.

गेल्या रविवारी माझी लेक मला फिरायला घेऊन गेली. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. ती ब्रॅकनेलला एका कॉम्प्युटर कंपनीत आहे, मी मेडनहेडला, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी ती येते आणि मला कुठेतरी नेते. तिने जुनी घरं आणि बागा बघायचं वर्षभराचं कार्ड काढलं आहे. “आई, चल, आज तुला मस्त गार्डन दाखवते. हाऊस नको, हाऊसमध्ये नुसते डेड लोकांचे पेंटिंग्ज असतात.” कुठे जायचं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोन तास गाडीत गप्पा मारल्या, मोटरवेवर कॉफी घेतली. मग एका अरुंद रस्त्याने वळून गाडी एका मोठ्या फाटकातून आत शिरली. फाटकाच्या दोन्ही बाजूंना दगडी कुत्रे बसलेले, डावीकडच्याचा एक कान तुटलेला. मी त्या कानाकडे बघितलं आणि मला समजलं की मी इथे आधी आलेली आहे. पन्नास वर्षं होऊन गेली असतील, पण कोणी तो कान अजून बसवलेला नाही.

मी दहा वर्षांची आहे. तुमच्या कारखान्याची जूनमधली सहल, दोन कोच भरून माणसं. सहल दरवर्षी असते आणि नोटीस बोर्डावर बोलावणंही सगळ्यांना असतं, पण या वर्षी तुमचा फोरमन स्वतः तुमच्या मशीनपाशी येऊन “ब्रिंग द मिसेस” म्हणाला आहे, आणि ते तुम्ही आईला तीनदा सांगितलं आहे. आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात उभे राहून तुम्ही नियम सांगता. मोठ्याने मराठीत बोलायचं नाही. कशाला हात लावायचा नाही. गवतावर पाटी असेल तर गवतावर पाय ठेवायचा नाही. वास येणारं काही डब्यात न्यायचं नाही. आई कणीक मळता मळता विचारते, “अहो, मग न्यायचं तरी काय?” तुम्ही म्हणता, “सँडविच.” आईने काकडीचे सँडविच केले, कडा कापून, अगदी साहेबी. आणि त्यांच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळून पोळ्या आणि बटाट्याची भाजी. तुम्हालाही ते ठाऊक होतं, कारण दुपारी तळ्याच्या पलीकडे एका मोठ्या झाडामागे बसून तुम्ही त्यातल्या तीन पोळ्या खाल्ल्यात. टाय सैल न करता खाल्ल्यात. एवढ्या उन्हात कोट घातलेला त्या सगळ्या घोळक्यात एकच माणूस होता.

जेवणं झाल्यावर सगळे काचघराकडे निघाले. लांबलचक काचघर, आत उबेला पाइप फिरवलेले, आणि थंडीत जगणार नाहीत अशी झाडं मोठमोठ्या कुंड्यांत. आई दारातच थांबली. “अगं,” म्हणाली. डोळे मिटलेले, नाक किंचित वर. मग हळूच म्हणाली, “मोगरा.” पुणं सोडून आम्हाला चार वर्षं झाली होती. ताडामाडांकडे, फर्नकडे ढुंकूनही न बघता ती सरळ चालत गेली, कोणी नाव घेऊन हाक मारावी तशी. कोपऱ्यात एका दगडी कुंडीत ते झाड होतं. साधा मोगरा नव्हे, बटमोगरा, पाकळ्यांवर पाकळ्या असलेला, एकेक फूल छोट्या गुलाबाएवढं. पाटीवर लिहिलं होतं, अरेबियन जॅस्मिन. मी वाचून दाखवलं. “अरबांचा काय संबंध?” आई मोठ्याने म्हणाली, मराठीत. पहिला नियम तिथेच मोडला. तिने हातरुमाल काढला. मला वाटलं डोळे पुसायला. तिने तो शेजारच्या झारीतल्या पाण्यात बुडवला.

तुम्हाला तिची सवय माहीत होती. पुण्यातही सकाळी फिरायला गेली की लोकांच्या कंपाउंडवरून हात घालून ती एखादी फांदी खुडून आणायची. मागून आणलेलं रोप रुसतं आणि चोरून आणलेलं लागतं यावर तिचा देवाइतका विश्वास. साक्षात मालक दारात उभा राहून “न्या हो” म्हणत असला तरी ती “नको, नको” म्हणायची आणि तो आत गेला की तोडायची. तशीच तिने ती वीतभर फांदी नखाने दाबून, एक पीळ देऊन काढली. ओल्या रुमालात गुंडाळली. रुमाल पोळ्यांच्या कागदात, कागद पिशवीत. पण घाईत सालीची एक पट्टी सोलून निघाली आणि झाडावर लोंबत राहिली, आणि खालचं ओलं पांढरं लाकूड लांबूनही दिसत होतं. तुम्ही दोन पावलांवर फोरमनबरोबर उबेच्या पाइपचा व्हॉल्व्ह बघत होतात. फांदीचा आवाज झाला तसे तुम्ही वळलात. तुम्ही आईचा हात पिशवीत जाताना पाहिलात. मग तुमची आणि माझी नजरानजर झाली. हे मी कल्पनेने लिहीत नाही. माझ्या मुठीत एक फूल होतं, खाली पडलेलं, आणि मी तुमच्याकडे बघत होते.

माळी आला. म्हातारा, जाड कापडाचा एप्रन घातलेला. त्याने लोंबणारी साल बोटाने उचलून बघितली आणि विचारलं, हे कोणी केलं? रागाने विचारलं नाही. पण आजूबाजूची आठ-दहा माणसं एकदम आपल्याकडे बघायला लागली, दुसऱ्या कोणाकडे नाही. फोरमन, त्याची बायको, पाच नंबरच्या मशीनवरचा तो लाल केसांचा माणूस, सगळे. आणि तेव्हा तुम्ही काय केलंत ते मी तुम्हाला सांगते, कारण तुम्ही ते कधी कोणाला सांगितलं नाहीत. आधी तुम्ही आईच्या हातातली पिशवी घेऊन स्वतःच्या खांद्याला लावलीत. नीट, पट्टा सरळ करून. मग माझ्याकडे वळलात आणि माझ्या थोबाडीत मारलीत. काचघरात आवाज घुमतो. “से सॉरी टू द जंटलमन,” तुम्ही म्हणालात. त्याआधी तुम्ही माझ्याशी कधी इंग्रजीत बोलला नव्हतात.

मी सॉरी म्हटलं. फोरमनची बायको तोंडावर हात घेऊन म्हणाली, अहो, एवढं कशाला मारायचं पोरीला. माळी गुडघे मोडून माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, “इट्स ओन्ली अ ट्विग, लव्ह. इट्ल ग्रो बॅक.” फोरमनने तुमच्या खांद्यावर हात ठेवला, ज्या खांद्याला पिशवी होती त्याच. परतीच्या प्रवासात त्यांनी तुम्हाला कोचमध्ये पुढच्या सीटवर बोलावून घेतलं, तुम्ही गेलात, आणि मला मागून तुमचं हसणं ऐकू येत होतं. आई माझ्या केसांतून हात फिरवत होती. पिशवी पुन्हा तिच्या मांडीवर आली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं तुम्ही बातम्या ऐकता ऐकता म्हणायचात, मान हलवत. त्या दिवसानंतर तुम्ही ते म्हणालात की माझे दात आपोआप आवळायचे.

नुसती थप्पड असती तर मी विसरले असते. त्या काळात आपल्याकडे सगळ्यांनाच बसायच्या. पुढचं विसरता येत नाही. आईने फांदी पेल्यात लावली, वर प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि ओट्याजवळच्या खिडकीत ठेवली. तुम्ही रोज सकाळी तिथेच उभे राहून चहा प्यायचात. एक शब्द नाही. महिनाभराने मुळं फुटली, आणि त्याच आठवड्यात तुम्ही कारखान्यातून एक चौकोनी पत्र्याचा डबा आणलात. तळाला पाच भोकं, चार कोपऱ्यांत चार आणि एक बरोबर मधोमध, मापून पाडलेली. भोकांच्या कडाही कानशीने घासलेल्या, हात कापू नये म्हणून. ओट्यावर ठेवलात आणि आंघोळीला गेलात. आई हसली. मी दहा वर्षांची होते, मूर्ख नव्हते. ज्या चोरीबद्दल मला चारचौघांत मारलंत त्या चोरीच्या मालाला तुम्ही घर बांधून दिलंत, बाबा, आणि त्याच्या कडासुद्धा घासल्यात.

पुढच्या उन्हाळ्यात पहिलं फूल आलं. तुम्ही ते पूजेत वाहिलंत. मी तुमच्या मागे उभी राहून विचारलं, “चोरलेलं फूल देवाला चालतं?” तुम्ही मागे न बघता म्हणालात, “चालतं. पुण्य झाडाच्या मालकाला जातं.” आणि घंटा वाजवलीत. थप्पड कोणाच्या खात्यात जाते, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. मग ते झाड वाढलं. आईने त्याची कलमं करून बर्मिंगहॅमातल्या सगळ्या मराठी घरांत वाटली, गणपतीत लोक आपल्या फुलांचे हार करायचे, आणि कोणी विचारलं की हा इथे मिळाला कुठे, तर तुम्ही म्हणायचात, “हिचा हातच तसा आहे.” सगळे आईच्या हाताचं कौतुक करायचे. तुमच्या हाताबद्दल कोणी विचारलं नाही.

आईशी मी भांडले. तुम्ही गेल्यानंतर, मोगरा छाटताना, एकदाचं विचारलं तिला. “तू का बोलली नाहीस?” ती म्हणाली, “मी बोलले असते तर ह्यांची काय अब्रू राहिली असती त्या लोकांत? तू लेकरू होतीस. लेकरांना माफ असतं.” मी म्हटलं, “तुला लाज नाही वाटली?” कात्री खाली ठेवून ती म्हणाली, “वाटली. पाणी घालताना रोज वाटली.” मी खूप आरडाओरडा केला, तिनेही केला, मग दोघींनी चहा घेतला. मिटलं ते. ती समोर होती, उत्तर देत होती, म्हणून मिटलं. तुम्ही मात्र एवढ्या वर्षांत एकदाही, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा, एवढं म्हणाला नाहीत की पोरी, तू तोडली नव्हतीस, मला माहीत होतं. सात शब्द आहेत. हॉस्पिटलमध्ये शेवटचे आठ दिवस मी तुमच्या उशाशी बसले होते. तुम्ही डोळे उघडलेत की मी पुढे वाकायचे. एका सकाळी तुम्ही माझा हात धरलात आणि विचारलंत, “मोगऱ्याला पाणी घातलंस का?” जवळच्या एका मैत्रिणीला मी हे सांगितलं तर ती गहिवरली, म्हणाली, अगं, तीच त्यांची माफी होती. नव्हती. ती पाण्याची चौकशी होती. तुम्ही आयुष्यभर जे म्हणायचं ते स्पष्ट म्हटलंत, मग नेमकं तेवढंच मी ओळखून घ्यायचं?

तर गेल्या रविवारी. तळं तसंच आहे, पलीकडचं ते मोठं झाडही आहे, त्याच्या फांद्यांना आता खालून टेकू दिले आहेत. घोड्यांच्या तबेल्यात कॅफे झाला आहे. लेकीला स्कोन हवे होते, मी म्हटलं आधी काचघर. आत शिरले आणि आईसारखीच दारात थांबले, पण वास आला नाही. कोपऱ्यातली दगडी कुंडी होती, तिच्यात एक नवं, किडकिडीत झाड होतं, एकेरी पाकळ्यांचं. शेजारी गळ्यात ओळखपत्र घातलेला एक निवृत्त गृहस्थ उभा होता, हौसेने माहिती सांगणाऱ्यांपैकी. त्याने सांगितलं, इथे पूर्वी या जातीचं एक शंभराहून अधिक वर्षांचं झाड होतं. या घराच्या तेव्हाच्या मालकाने हिंदुस्थानातून परत येताना काचेच्या पेटीत घालून जहाजाने आणलेलं. एका हिवाळ्यात बॉयलर बंद पडला आणि दोन रात्रींत ते गेलं. दुहेरी फुलाचं होतं, छोट्या गुलाबासारखं. नर्सरीतून हे आणलं, पण ते हे नव्हे. इतर घरांच्या बागांतही विचारलं, त्याचं कलम कोणाकडेच निघालं नाही.

“आणलेलं?” लेक भिंतीवरच्या माहितीच्या बोर्डाकडे बोट दाखवत मला मराठीत म्हणाली, तिच्या समजुतीप्रमाणे हळू. “आई, ते लोक आपला झाड चोरून आणले आणि बोर्डवर काय लिहितात, ब्रॉट होम! दे लिटरली स्टोल इट.” तिचे गाल लाल झाले होते. या विषयावर तिला फार राग येतो, आणि तो खराही आहे. पण मला त्या मालकाचा राग आला नाही. तो माझा कोण? त्याने मला शाळेच्या दारापर्यंत सोडलं नव्हतं, माझ्या वहीत लाल खुणा केल्या नव्हत्या, गोवर आला तेव्हा रात्रभर मांडीवर घेतलं नव्हतं. त्याच्याकडून मला काही नको होतं. मी त्या कुंडीजवळच्या फरशीकडे बघत होते, जिथे मी उभी होते, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. तेवढ्यात लेकीच्या डोक्यात प्रकाश पडला. “वेट, दुहेरी फूल? आई, तसाच तर आपल्याकडे आहे ना! कन्झर्वेटरीत, मागच्या काचेच्या रूममध्ये!” आणि ती त्या गृहस्थाला इंग्रजीत सांगून मोकळी झाली, फोनवरच्या फोटोसकट.

त्याने चष्मा काढून फोटो बघितला. मग माझ्याकडे बघून अगदी अदबीने विचारलं, तुमच्याकडे हे कुठून आलं, विचारलं तर चालेल ना? बाबा, मला सगळं एकदम दिसलं. तीच फरशी, तोच प्रश्न, आणि उत्तर माहीत असलेली मी एकटीच जिवंत. आईचं नाव घ्यायला जीभ वळेना. माझं एकदा घेऊन झालं होतं. मी म्हटलं, “फ्रॉम हिअर. माय फादर टुक इट.” मुद्दाम म्हटलं. तुम्ही उत्तर द्यायला येणार नाही हे माहीत असून म्हटलं. लेकरांना माफ असतं तसं मेलेल्यांनाही असतं, मग घ्या एकदा अंगावर. वाटलं, आता याच्या कपाळाला आठी पडेल आणि मला थोडं बरं वाटेल.

तो गृहस्थ मनापासून हसला. “गुड फॉर हिम!” म्हणाला. लेक तर उडालीच. “आजोबांनी? नो वे! आजोबा इतका कूल होता?” तेवढ्यात बागेची मुख्य बाई आली, तिशीतली, हातांना माती, आणि तिने ते ऐकून तुम्हाला तोंडभरून आशीर्वादच दिले. तुमच्या वडिलांनी नेलं नसतं तर हे झाड जगातून गेलं असतं, म्हणाली. आम्हाला याची तीन-चार कलमं द्याल का? आणि पाटीवर लिहू, अमुक अमुक यांनी जपलेलं, त्यांच्या कुटुंबाने परत दिलेलं. वडिलांचं पूर्ण नाव द्याल? मी दिलं. स्पेलिंगसुद्धा सांगितलं. गाडीत बसल्यावर लेकीने घरातल्या झाडून सगळ्यांना मेसेज केले, आणि आता तुम्ही खानदानाचे हिरो आहात. थप्पड मी खाल्ली आणि टाळ्या तुम्हाला. काचघराच्या त्याच कोपऱ्यात, त्याच कुंडीवर, तुमचं नाव लागणार. मी तुम्हाला चोर ठरवायला गेले आणि तुमचा पुतळा उभा करून आले.

चार फांद्या छाटून लावल्या आहेत, तुमच्या डब्यात नाही, तो केव्हाच गंजून गेला. पण प्लॅस्टिकच्या कुंडीला भोकं कमी होती म्हणून मी खिळा तापवून आणखी पाडली, आणि पाडून झाल्यावर बघितलं तर चार कोपऱ्यांत चार आणि एक मधोमध. त्याचाही राग आला. बागेच्या बाईने एक फॉर्म पाठवला आहे. झाड कोणाकडून आलं, कोणी नेलं, कधी, पाटीवर काय मजकूर हवा. फॉर्म आज पाठवायचा आहे. लेकीने तुमचं नाव आधीच भरून ठेवलं होतं, मला फक्त सही करायची होती. दुपारी जेवण झाल्यावर मी बसले आणि तुमचं नाव खोडलं. पट्टी धरून एका सरळ रेघेत खोडलं, तेवढं तुमच्याबद्दल अजून आहे.

मग मी आईचं नाव लिहिलं. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. लिहिलं की ही फांदी तिने तोडली, कारण अख्ख्या काचघरात ते झाड काय आहे हे ओळखणारी ती एकटी होती. पुढच्या ओळीत लिहिलं, या फांदीबद्दल तिच्या दहा वर्षांच्या मुलीला इथे मार बसला, जिने ती तोडली नव्हती. हे पाटीवर घेतलं नाही तर कलमं मिळणार नाहीत, असंही लिहिलं. आई असती तर लाजेने मेली असती. असू दे, तिने अर्धी लाज तरी वाटून घ्यावी. मग ‘इतर माहिती’ असा एक रकाना होता. बराच वेळ तो रिकामाच ठेवला. शेवटी लिहिलं, पहिल्या कुंडीला पाच भोकं माझ्या वडिलांनी पाडली. तेवढं तुम्ही केलं होतंत, आणि चांगलं केलं होतंत. त्याहून जास्त श्रेय मी देणार नाही. लेकीला फोन करून सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, “आई, तू मला आधी का नाही सांगितली?” मी म्हटलं, मला कोणी विचारलंच नव्हतं.

फॉर्म गेला. हे पत्र कुठे जाणार नाही. बर्मिंगहॅमच्या त्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं आणि तुमचा नवा पत्ता मला माहीत नाही. टेकअवेचे मेनू आणि जुन्या बॅटऱ्या ठेवते त्या ड्रॉवरमध्ये ठेवून देईन. पण घडी घालायच्या आधी एक गोष्ट, कारण मी तुम्हाला खरं बोलायला सांगते आहे आणि वर एका ठिकाणी मीच खोटं लिहिलं आहे. माझ्या मुठीतलं ते फूल खाली पडलेलं नव्हतं. आई रुमाल भिजवत होती तेव्हा मी ते झाडावरून तोडलं होतं. फांदी नाही, पण फूल मीच. सॉरी म्हणताना ते माझ्या हातात चुरगळलेलं होतं आणि मी मूठ उघडली नाही. आजवर कोणालाच सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. तुम्ही मूठ उघड म्हणाला असतात तर उघडली असती. पण तुम्ही विचारलंत कुठे?